गच्चीवर माती कशाला?

मे महिन्यात तांबड्या भाजीची, म्हणजे लाल माठाची, जुडी चाळीस रुपये झाली आणि जेवता जेवता मी बोलून गेलो, "एवढ्यात तर आपण गच्चीवर मळा करू." लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या माणसानं जेवताना 'आपण' हा शब्द वापरू नये. बायकोनं दुधाच्या हिशेबाची वही काढली, मागच्या पानावर 'बाग' असं लिहिलं आणि त्यापुढे पाचशे रुपये. बाकी सगळं फुकटात जमवायचं.

आमची इमारत पणजीत सांतिनेजला. तीन मजली, लिफ्ट नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, त्यामुळे इथल्या गच्च्यांवर हटकून पत्रे चढतात. आमच्याही चढलेत. म्हणजे गच्ची आहे, पण ऊन नाही. ऊन येतं ते टाकीमागच्या चार फुटी पट्टीत. फळभाजीला रोज पाच-सहा तास ऊन लागतं असं वाचलं होतं, म्हणून एका रविवारी घड्याळ घेऊन मी तिथं बसलो. साडेपाच तास भरले. माझी मान मात्र आठवडाभर सोलत होती.

कुंड्या विकत घ्यायच्या नव्हत्याच. मासळी बाजारात बर्फाच्या थर्मोकोलच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात, त्यातल्या आठ मागितल्या. बांगडेवालीनं आनंदानं दिल्या. "व्हर पुता, पूण वास वचचो ना हां," (ने बाळा, पण वास जायचा नाही हं) असं तिनं बजावलंही. मी हसलो. साबण झाला, लिंबू झालं, चिंचेचं पाणी झालं, दोन दिवस ऊन झालं. वास गेला ना. (हा 'ना' कोकणी.)

माती पर्वरीला एका मित्राच्या प्लॉटवरची. पाया खणताना निघालेली, तांबडीभडक, फुकट. सिमेंटच्या अर्ध्या अर्ध्या भरलेल्या चौदा गोणी स्कूटरवरून आणल्या आणि एकेक करून वर चढवल्या. पहिल्या मजल्यावरच्या भाईंनी दार उघडून विचारलं, "काय, घराचं काम काढलंत?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकी दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. "सिमेंट?"

"नाही काकी, माती."

"वर माती कशाला?"

सहावी गोण खांद्यावर असताना या प्रश्नाचं उत्तर मलाही देता येईना.

मातीचं पुढचं वागणं असं : पाणी घातलं की चिखल, दोन दिवस ऊन लागलं की चिरा. घर बांधायला उत्तम. ती भुसभुशीत करायला शेणखत आणि कोकोपीट घाला, असं कोणीतरी सांगितलं. नारळाच्या गावात नारळाचा भुसा पैसे देऊन आणायचा, या कल्पनेनंच बायको संतापली. मग आम्ही घरातली सोडणं, म्हणजे नारळाची सालं, ठेचली, तीन दिवस भिजत घातली आणि त्याचं तपकिरी पाणी गच्चीवर ओतलं. कोणाच्या तरी पांढऱ्या चादरीवर त्याचे शिंतोडे उडाले. चादर आमचीच निघाली, एवढंच नशीब.

त्याच आठवड्यात सिव्हिल इंजिनियर भाचा वर आला. पेट्यांकडे बघत म्हणाला, "मामा, गच्चीच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण १५० किलो वजन धरतात. ओली माती लिटरला दीड किलोच्या वर जाते. तुम्ही हे सगळं एका कोपऱ्यात लावलंय." पुढचा हिशेब त्यानं तोंडानं केला नाही, दोन पावलं मागे सरकून केला. रात्री आम्ही प्रत्येक पेटीतली अर्धी माती काढली. ती खाली नेताना पहिल्या मजल्यावरचे भाई म्हणाले, "झालं वाटतं काम?"

सासूबाईंनी काणकोणहून तिथल्या खोला गावच्या मिरचीचं बी पाठवलं. ही मिरची तिकडे डोंगरउतारावर नुसत्या पावसाच्या पाण्यावर होते, तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव तिकडेच पिकलेल्या मिरचीला. असली मानाची पाहुणी आमच्याकडे बांगड्याच्या पेटीत. आणि सांतिनेजला उगवली तर कायद्यानं ती खोलाचीही राहणार नाही, नुसती मिरची. तिला हे कळलं असावं. उगवलीच नाही.

किंवा मांजरांनी उगवू दिली नाही. गच्चीवर कोणीतरी आठ पेट्या भरून बांगडे पुरलेत, अशी त्यांची ठाम समजूत होती. रोज पहाटे पाच मांजरं उत्खननाला हजर. मी जाळी आणली. वहीतला आकडा आता एक हजार तीनशे चाळीस झाला होता आणि बायको तो जेवताना मोठ्यानं वाचत असे.

उरली तांबडी भाजी. तिचं बी मोहरीपेक्षा बारीक, ग्रॅममध्ये हजाराच्या घरात. सगळी पुडी भुरभुरून टाकली आणि मृग बरसला. पेट्यांना भोकं पाडायची राहिली होती. पहिल्या रात्रीत आठ तळी तुडुंब भरली. भर पावसात स्क्रूड्रायव्हरनं भोकं पाडली, ती जरा सढळ हातानं. सकाळी पेट्यांत पाणी नव्हतं, माती फारशी नव्हती आणि बी तर नव्हतंच. टाकीमागच्या पायपातून लाल ओघळ खाली चालला होता.

वही मिटली. पेट्या मांजरांना दिल्या.

श्रावणात एका दुपारी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकी, हातात झाकलेलं ताट. तांबडी भाजी, बिकणां (फणसाच्या आठळ्या) घातलेली, वर ओलं खोबरं. पहिला घास घेतला आणि बायको म्हणाली, "किती कोवळी! कुठून आणलीत?"

"आणली नाही गो. तुमचा पायप आमच्या छज्ज्यावर सुटतो ना, तिथं गाळ साचला. हा एवढा वाफा झालाय. तिसऱ्यांदा खुडली."

बायको माझ्याकडे बघेना. मी ताटाकडे बघत राहिलो.

"मे महिन्यात मी विचारलं होतं ना, वर माती कशाला म्हणून?" काकी जिन्यावरून उतरता उतरता म्हणाल्या. "आता कळलं. पुढच्या वर्षी थोडा मुळा पण टाका."