आधी अंघोळ, मग अक्षरे

विशेष गरजा असलेल्या मुलाच्या घरी पहिल्यांदा गेले की आईवडिलांचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "मॅडम, हा लिहायला कधी लागेल?" यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत फिरती विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे की त्यामागची तळमळ मला पुरती कळते. शेजारची मुले दप्तर घेऊन शाळेत जातात, आपल्या लेकरानेही निदान स्वतःचे नाव लिहावे, असे कोणत्या आईला वाटणार नाही? परंतु बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला अजून कुणीतरी भरवत असेल, कुणीतरी अंघोळ घालत असेल आणि कुणीतरी संडासला नेऊन धूत असेल, तर मी पाटी-पेन्सिल काही काळ बाजूला ठेवायला सांगते. अशा मुलाच्या शिक्षणाची सुरुवात जेवण, शी-शू, अंघोळ आणि कपडे यांपासून व्हावी, आणि ती त्याच्याच घरात, त्याच्याच न्हाणीत, घरच्याच माणसांच्या हातून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

हे मत सर्वांना पटते असे नाही. चड्डी घालायला शिकवण्यासाठी सरकारने शिक्षक नेमला काय, असे एका काकांनी मला तोंडावर विचारले होते. त्यांचा दोष नाही, कारण आपल्या सगळ्या व्यवस्थेचे लक्षच दुसरीकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि त्यांत सिकलसेल या इथे बऱ्याच आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही समावेश केला, ही विदर्भाच्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट झाली. मात्र व्यवहारात सगळी धावपळ दिव्यांगत्वाच्या टक्केवारीभोवती फिरते. ४० टक्के किंवा त्याहून अधिकचे प्रमाणपत्र मिळाले की कुटुंबाला हायसे वाटते, ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले जाते, आणि त्या मुलाला शर्टाचे बटण लावता येते की नाही याची नोंद त्या कागदावर कुठेच नसते. मी घरी गेल्यावर प्रमाणपत्र नंतर पाहते. आधी मुलगा सकाळी उठल्यापासून काय काय स्वतः करतो आणि कुठे दुसऱ्याचा हात लागतो, ते विचारते. त्यातूनच पुढचे काम ठरते.

घरच्यांना मुलाची काळजी नसते म्हणून ही कामे शिकवायची राहतात, असे मला क्वचितच आढळले. बहुतेक ठिकाणी काळजी जास्त असते आणि वेळ कमी असतो. दिवाळीनंतर कापूस वेचणी भरात असताना आईला भल्या सकाळी स्वयंपाक आटोपून वावरात पोहोचायचे असते. अशा वेळी जे काम मूल अर्ध्या तासात रडतखडत करील ते ती दोन मिनिटांत उरकते, आणि रोजमजुरी बुडू नये म्हणून तिने तसे केले तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. दुसरीकडे घरात आजी असते. "मॅडम, त्याले काय समजते? मीच भरवून देतो ना," असे म्हणत ती वरण-भाताचा घास त्याच्या तोंडात घालते आणि त्यात तिला खरोखर आनंद मिळतो. हा आनंद मी काढून घेत नाही. पहिले घास त्याने स्वतः खावेत, थकल्यावर शेवटचे आजीने भरवावेत, एवढा करार मी करते. बहुतेक आज्या तो पाळतात, काही पाळत नाहीत.

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येते, कारण "त्याला सवय लावा" एवढे सांगून कुणालाच काही उमगत नाही. चड्डी घालणे हे आपल्याला एक काम वाटते. मुलासाठी ती अनेक कामांची साखळी असते: पुढची बाजू ओळखणे, खाली बसणे, एक पाय घालणे, दुसरा पाय घालणे, उभे राहणे, चड्डी गुडघ्यांवरून मांड्यांपर्यंत आणणे आणि तोल सांभाळत कमरेपर्यंत ओढणे. अशा मुलाला मी बहुतेक वेळा शेवटच्या पायरीपासून शिकवायला सांगते. आईने चड्डी कुल्ल्यांपर्यंत चढवून द्यावी, मुलाचे दोन्ही अंगठे इलॅस्टिकच्या आत घालावेत, आणि शेवटचा ओढा त्याने स्वतः द्यावा. ते जमले की पुढे आईने मांड्यांपाशी थांबावे, मग गुडघ्यांपाशी. या पद्धतीत पहिल्या दिवसापासून काम पूर्ण होते ते मुलाच्या हातून, त्यामुळे शाबासकीही नेमक्या क्षणी मिळते. सुरुवातीला एक माप मोठी, रुंद आणि सैल इलॅस्टिकची चड्डी घ्यावी, नाडीची घेऊ नये; पुढच्या बाजूला आतून रंगीत फितीचा तुकडा शिवावा, म्हणजे पुढचे-मागचे कळते. ज्याचा तोल जातो त्याला पाठ भिंतीला टेकवून उभे करावे.

मदत करताना समोर न बसता मुलाच्या मागे बसावे, म्हणजे आपले आणि त्याचे हात एकाच दिशेने चालतात. आधी त्याच्या पंजावर आपला पंजा, मग फक्त मनगटाला आधार, मग कोपराला हलका स्पर्श, नंतर नुसती खूण, अशी मदत उतरवत न्यावी. आणि बोलणे कमी करावे. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण हाताची मदत जितक्या सहज काढून घेता येते तितक्या सहज तोंडाची मदत काढता येत नाही. "घे, ओढ, खेच, अरे वर घे ना" असा तिघांचा गलका रोज ऐकणारे मूल पुढे कुणी सांगितल्याशिवाय हातच हलवत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवावा, तो एकदा उच्चारावा आणि मनात दहापर्यंत आकडे मोजून मगच मदतीला हात पुढे करावा. वडिलांना हे दहा आकडे सर्वांत जड जातात, असे माझे निरीक्षण आहे.

साधनांसाठी नागपूरला धाव घ्यावी लागत नाही. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजची कामे स्वतः करायला शिकवणारे उपचारक) आहेत आणि शक्य असेल त्याने एकदा जरूर दाखवावे, पण रोजची सोय घरातल्या वस्तूंतूनच होते. चमच्याची दांडी पकडता येत नसेल तर तिच्यावर सायकलच्या हँडलचे रबर चढवावे. टूथब्रशलाही तेच चालते. ताट सरकत असेल तर उंच काठाचे घ्यावे आणि खाली ओला पंचा ठेवावा. पातळ वरणाऐवजी घट्ट कालवलेला भात चमच्यावर टिकतो. पोळी तोडायला दोन हात लागतात, आणि सेरेब्रल पाल्सीमुळे किंवा सिकलसेलमध्ये लहानपणीच आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यामुळे ज्याचा एक हात दुबळा झाला आहे, त्याला पोळीची गुंडाळी करून दिली की तो एका हाताने जेवतो. अंघोळीला आपल्याकडे गडवा (तांब्या) वापरतात, त्याला कान नसतो आणि तो भरला की ओल्या हातातून सुटतो. त्याऐवजी दांडीचा लहान प्लास्टिकचा मग, अर्धीच भरलेली बादली, बसायला बुटके स्टूल आणि साबण घालून तोंड बांधलेला जुना पायमोजा, एवढ्यावर न्हाणीतले बरेच अपघात टळतात. गरम पाण्याचे विसण आधी मोठ्यांनी करावे आणि चुलीवरचा गंज (पातेले) मुलाच्या हाताच्या टप्प्यात कधीही ठेवू नये.

सर्वांत अवघड प्रकरण शी-शूचे. इथे घरातल्या माणसांचा धीर सुटतो, शाळेचाही सुटतो. पहिले काम शिकवण्याचे नसून नोंदीचे आहे: भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडाभर, मुलाने कधी लघवी केली, कधी शी केली, तेवढ्या वेळा लिहाव्यात. लिहिता न येणाऱ्या आयांनी कोळशाच्या खुणा केल्या तरी चालते. जेवणानंतर आतड्यांची हालचाल आपोआप वाढते, म्हणून जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सात मिनिटे बसवले तर यश मिळण्याची शक्यता अधिक असते. तासन्तास बसवून ठेवल्याने केवळ भीती वाढते. कडक शी होणारे मूल दुखते म्हणून रोखून धरते आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. अशा वेळी आधी पोट साफ होण्याचा उपचार डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो.

त्यात जागेचा प्रश्न येतो. गावोगाव संडास बांधले गेले, परंतु ते उकिडवे बसणाऱ्यासाठी बांधले गेले. ज्याचे पाय ताठ आहेत, ज्याला नितंबाच्या सांध्यात वाकता येत नाही, त्याच्यासाठी त्या खोलीत काहीच नाही, म्हणून बारा वर्षांचा मुलगाही अंगणात आईच्या पायांवर बसून शी करतो. मजबूत प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून, त्याच्या कडा घासून, ती संडासाच्या भांड्यावर बसवली आणि दोन्ही भिंतींना धरायला लोखंडी दांडा लावला की बरेच काम होते. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा विटा द्याव्यात, कारण पाय टेकल्याशिवाय जोर करता येत नाही. स्वमग्न मुलांची अडचण निराळीच असते. टिनाच्या अंधाऱ्या खोलीतला आवाज, बंद दार, ओल्या फरशीचा स्पर्श, यांतल्या कशानेही ती बिथरतात. तिथे सुरुवातीला दाराऐवजी पडदा लावावा आणि पाणी ओतण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे.

हे सगळे सुरू करायचा आमच्या भागातला खरा हंगाम उन्हाळा आहे. वेचणी संपलेली असते, पेरणीला अवकाश असतो, पाणी तापवावे लागत नाही, भिजलेले कपडे तासाभरात वाळतात, आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. अर्थात पाणीटंचाईच्या गावात ही सूचना करताना मला संकोच वाटतो. जिथे हापशीवरून दोन गुंड (हंडे) पाण्यासाठी रांग लावावी लागते, तिथे रोज अंघोळीचा सराव करा म्हणणे सोपे नाही; त्या घरी आम्ही कपडे आणि जेवण आधी घेतो. टिनाचा संडास दुपारी भट्टीसारखा तापतो, म्हणून तिथला सराव सकाळी आणि संध्याकाळीच करावा.

मुलींबद्दल अधिक स्पष्ट लिहिणे भाग आहे. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की पाळीची तयारी सुरू करावी, पाळी आल्यावर नव्हे. निकरवर पॅडच्या आकाराची रेघ शिवून त्यावर पॅड चिकटवण्याचा सराव, लाल रंगाचे पाणी टाकून "आता बदलायचे" हे ओळखण्याचा सराव, वापरलेले पॅड कागदात गुंडाळून ठरलेल्या जागी टाकण्याचा सराव, हे बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक मुलींना जमते. वेळ लागतो, पण जमते. "पिशवीच काढून टाकली तर?" असे मला आजही हळू आवाजात विचारले जाते. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली तेव्हा पाळीची स्वच्छता राखता येत नाही हेच कारण पुढे केले गेले होते आणि त्यावरून राज्यभर वादळ उठले होते. शिकवण्याचे कष्ट टाळण्यासाठी शरीराचा अवयव काढणे मला कदापि मान्य नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. ज्या मुलाला किंवा मुलीला धुण्यासाठी, पुसण्यासाठी, कपडे बदलण्यासाठी कुणाचाही हात चालतो, त्याला योग्य हात आणि अयोग्य हात यांतला फरक कसा कळणार? बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकाच्या शारीरिक वा मानसिक अक्षमतेचा गैरफायदा घेऊन केलेला अत्याचार अधिक गंभीर मानला आहे. तो कायदा गुन्हा घडल्यानंतर कामी येतो. त्याआधी अंघोळीला दार लावणे, मदत करणारी दोनच माणसे ठरवणे आणि "मी आता पाठ धुते" असे सांगून मगच हात लावणे या गोष्टी घराला करता येतात. म्हणूनच स्वतःचे अंग स्वतः धुता येणे हे केवळ स्वच्छतेचे कौशल्य आहे असे मी मानत नाही.

शाळांबाबत थोडक्यात लिहिते. तीव्र किंवा बहुविध अक्षमता असलेल्या मुलांना घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला, तो पर्याय आहे. चड्डी ओली केली म्हणून मुलाला घरी धाडण्याची ती परवानगी नव्हे. अतिरिक्त कपड्यांचा एक जोड वर्गात असावा आणि दिव्यांगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात न राहता दाराजवळ असावी, एवढी माझी शाळांकडून अपेक्षा आहे.

आणि पैशांचे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा असा नियम आहे. अनेक ठिकाणी तो मार्चअखेर घाईघाईने थोडी थोडी रक्कम किंवा एखादी वस्तू वाटून संपवला जातो. ज्याला घोंगडी नको होती त्यालाही घोंगडी मिळते. त्याऐवजी ज्या घरी असे मूल आहे तिथल्या संडासाला दोन दांडे, बसायची खुर्ची आणि न्हाणीत खडबडीत फरशी, एवढे काम गावातल्या मिस्त्रीकडून करून घ्यावे. त्यासाठी दांडा किती उंचीवर हवा हे मुलाला प्रत्यक्ष बसवून मोजावे लागते, अंदाजाने लावलेला दांडा टॉवेल वाळत घालायच्याच कामी येतो. पुढच्या ग्रामसभेची तयारी आधीच करावी. आपल्या गावात असे मूल असेल तर त्याच्या पालकांना सोबत घेऊन मोजमापासह लेखी अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा, पोच घ्यावी, आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातील (शिक्षण विभागाच्या तालुका पातळीवरील केंद्रातील) विशेष शिक्षकाला मोजमापासाठी बोलवावे. हे आमचे कामच आहे.