‘बोटाइकडं पाय’ : वडशाच्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या गावात देवळामागच्या भिंतीवर ‘मी वसंतराव’ हा गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरचा सिनेमा दाखवला, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पडद्यावरचं गाणं हे मेलेलं गाणं, त्यात गळा एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं. सिनेमानं आणि मोबाईलनंच दंडारीसारखे गावातले लोकनाट्याचे खेळ आणि नाटकं बंद पाडली. आणि मी टाकलेल्या भजनाच्या व्हिडिओत हात आणि ठोका जुळत नाही, म्हणजे आवाज मागाहून चिकटवलेला आहे.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘चांगलं गाणं खेड्यात यायचं तर पडद्यावरूनच येणार’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. तुमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून दिवाळीनंतर नाटक मंडळ्या गावोगाव निघतात, रात्रभर प्रयोग चालतो, ऑर्गनवाला समोर बसून गाणं उचलतो आणि अख्खं गाव पहाटेपर्यंत हलत नाही. झाडीपट्टीच्या, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा वऱ्हाडातल्या लोकांनाही आनंद झाला होता. असं असताना मी ते वाक्य लिहिलं. तुम्हाला राग आला तो बरोबरच आहे. वाक्य काढून टाकलंय.

पण गळ्याच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी भांडणार आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आलं. लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्मानं मूर्तिजापूरचे. म्हणजे दोघंही आपलेच. २०१५च्या सिनेमात खाँसाहेब झाले सचिन पिळगावकर आणि त्यांना आवाज दिला राहुल देशपांडे यांनी. तुमची तक्रार तिथं लागू पडते, हे मी मान्य करतो. तान ऐकताना माझी नजर सारखी गळ्याच्या शिरांवर जायची आणि तिथं तान दिसायची नाही. ‘मी वसंतराव’मध्ये तेच राहुल स्वतः आजोबांची भूमिका करतात आणि स्वतःच गातात. तान कुठून उचलायची, दम कुठं घ्यायचा हे त्या अंगाला ठाऊक आहे आणि ते भिंतीवरसुद्धा दिसतं. आमच्याकडच्या बाया, ज्यांनी आयुष्यात कधी मैफल पाहिली नाही, त्या नेमक्या जागी ‘अगं माय’ म्हणाल्या. मेलेल्या गाण्याला कोणी अशी दाद देत नाही, भाऊ.

सिनेमा गाणं फक्त हिरावून नेतो असंही नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. त्यात विष्णुपंत पागनीस स्वतः गायले. त्यातलं ‘आधी बीज एकले’ आमचं भजनी मंडळ दर एकादशीला तुकोबांचा अभंग म्हणून गातं. मी ते गाथेत शोधत बसलो होतो. कुठून सापडणार? ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी, त्या सिनेमासाठी. पडद्यावरून निघालेलं गाणं आमच्या देवळात येऊन बसलं, आणि आता त्याला तिथून कोणी उठवू शकत नाही.

आता खंजिरीचं सांगतो, कारण माझा खरा मुद्दा तिथं आहे. आमच्या मंडळात एक म्हातारे बुवा आहेत, तुकडोजी महाराजांना मानणारे. तरुणपणापासून मोझरीला जातात. बुवांच्या भजनांच्या दोन कॅसेट गावात घरोघरी होत्या. पोरांना सगळे ठोके पाठ. पण ध्रुपद संपताना बुवांची खंजिरी एकदम वाकल्यासारखी घुमते, ते एकालाही जमत नव्हतं. एका रात्री मी मोबाईल घेऊन समोर बसलो. सिनेमात पाहून पाहून आपल्याला सवय लागली आहे, म्हणून मी सारखा त्यांच्या तोंडाजवळ जात होतो. मिटलेले डोळे, घाम, हललेली मान. बुवा भजन थांबवून म्हणाले, “माह्या तोंडाकडं कायले पायतं रे? बोटाइकडं पाय.”

मग शेगडीवर खंजिरी पुन्हा शेकली आणि मी मोबाईल मांडीवर टेकवून अकरा मिनिटं हलवला नाही. उजव्या हाताची थाप सगळ्यांना माहीत होती. गंमत निघाली डाव्या हातात. खंजिरी धरलेल्या त्या हाताची दोन बोटं थाप पडल्याबरोबर कडेजवळ कातडं दाबत होती आणि लगेच सोडत होती. एवढंच. पण ते कॅसेटमध्ये वीस वर्षं ऐकून कोणाला कळलं नव्हतं, आणि मांडवात बुवांच्या बाजूला बसूनही नाही, कारण तिथं सगळे टाळ धरून आपापल्या नादात असतात. आता बुवांचा हात थरथरतो. एक पोरगा तो व्हिडिओ पाहून त्यांच्याजवळ जातो, चुकला की बुवा त्याच्या डाव्या बोटांवर टिचकी मारतात.

म्हणून मला तोडतोड करणाऱ्या कॅमेऱ्याचा राग येतो. दर दोन सेकंदाला चित्र बदललं तर हात दिसणार कधी? १९६८च्या ‘मॉन्टेरी पॉप’ या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवावरच्या माहितीपटात शेवटी रविशंकरांची सतार आहे. बराच वेळ फक्त ऐकणारे लोक दिसतात. पोरांना दाखवलं तेव्हा एकानं विचारलं, “वाजवनारा कुठी हाय?” मग सतार आणि अल्लारखांचा तबला समोर आला, तेव्हा सगळे गप्प.

हात आणि ठोका जुळत नाही म्हणता तो व्हिडिओ दुसरा, हनुमान जयंतीचा. तो मी मांडवाच्या मागून, कडुनिंबाखालून, झूम करून घेतला होता. भोंगा तिथून पस्तीसेक मीटर लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तो मोबाईलपर्यंत पोचेस्तोवर सेकंदाचा दहावा भाग गेला. द्रुत लयीत तेवढ्यात अख्खा बोल निघून जातो. चिकटवलेलं काही नाही. मी लांब उभा होतो, ही चूक.

तुमच्या मंडळाच्या ऑर्गनवाल्याचं असं चित्रण कोणी केलं आहे का? नटांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, त्याच्या हातांचा मला एकही सापडला नाही. या हंगामात पहिला प्रयोग कोणत्या गावी आहे ते कळवा. तिपाई आणि छोटा रेकॉर्डर घेऊन येतो. त्याच्या उजव्या अंगाला, कोणाच्या आड येणार नाही अशी हातभर जागा द्या, आणि पडदा पडेपर्यंत मला कोणी उठवू नका.