गुडघे हलके झाले म्हणजे हाड भरलं असं नव्हे

समुद्री शेवाळाच्या कॅप्सुलांनी हाड भरतं याला माणसांतला पुरावा तोकडा आहे, असं मी लिहिलं होतं. दादा, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. तुम्ही लिहिलंत, "सोलापुरात बसून समुद्रातलं काय कळणार? कोचीच्या सीएमएफआरआयनं शेवाळापासून हाडांचं औषध काढलंय. माझ्या आईचे गुडघे दोन महिन्यांत हलके झाले."

कोचीच्या सीएमएफआरआयचं, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं, उत्पादन मला माहीत आहे. ते आहारपूरक म्हणून आलंय, औषध म्हणून नव्हे. आणि ते टाकाऊ आहे असं मी कुठंच लिहिलेलं नाही.

आता आईंचे गुडघे. गुडघा दुखतो तो बहुतेकदा सांध्यातल्या कूर्चेच्या झिजेनं. हाड ठिसूळ होतं ते मुकाट्यानं. पाय घसरून खुबा किंवा मनगट मोडेपर्यंत बाईला पत्ता नसतो. लाल शेवाळाच्या खनिजाचे गुडघेदुखीवर छोटे प्रयोग झालेत, त्यामुळं आईंना खरंच बरं वाटलं असेल. पण त्यावरून हाडाचं काहीच कळत नाही.

हाडाचं म्हणाल तर तपकिरी शेवाळातलं फ्युकॉयडन नावाचं द्रव्य हाड पोखरणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, तयार होऊ देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलंय. अंडाशय काढलेल्या, म्हणजे पाळी गेल्यासारखी स्थिती केलेल्या, उंदरांतही फायदा दिसला. माणसांत? 2014 साली छापून आलेला एक अभ्यास बघा. पाळी गेलेल्या 300 बायका, दोन वर्षं, काहींना लाल शेवाळाचं कॅल्शियम. हाडांची झीज दाखवणाऱ्या रक्तातल्या खुणा हलल्या, पण एकूण गटात हाडांच्या घनतेत फरक पडला नाही. उंदीर आणि आई यांच्यात एवढं अंतर आहे.

बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक कॅप्सुलांत शेवाळाबरोबर डी-3, म्हणजे ड जीवनसत्त्व, असतंच, मग श्रेय कुणाला द्यायचं? आयोडीन किती तेही बघा. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं. केल्प या तपकिरी शेवाळात ते कैकपट असू शकतं. थायरॉईड बिघडून वाढलं तर हाड उलट लवकर झिजतं. आईंना थायरॉईडची गोळी असेल तर हे आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आपल्याकडं भाकरी ज्वारीची, तिच्यात कॅल्शियम जेमतेम. तीळ, नाचणी, दही लागतंच. बाहेर ऊन रणरणतंय, पण घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगाला ते कुठं लागतं? म्हणून ड जीवनसत्त्व तपासायला हवं.

आणि आईंची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. तिच्यातला टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर गोष्ट कॅप्सुलेपुरती राहत नाही, खात्रीची औषधं आहेत. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे इथंच टाका. मग भांडू.