खरवडीचा मान

मे महिन्यात मुंबईहून चाकरमान्यांची पोरं गावाला उतरतात. घरात त्यांच्यासाठी घावणे असतात, कापा फणस असतो, सकाळी बंदरावरून आणलेले बांगडे असतात. पोरं हे सगळं नीट बघून घेतात आणि विचारतात, "आजी, ग्रिल्ड चीज सँडविच करशील?" आजीचा चेहरा पडतो, पण मी पोरांच्या बाजूने आहे. वरून कुरकुरीत, आत मऊ आणि मिठाला बरोबर, असा एकाच घासात तिन्ही सुखं देणारा पदार्थ आमच्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे रवा लावून तळलेला बांगडा. पण त्याला काटे असतात. चीज सँडविचला काटे नसतात. सगळा जो काही जिव्हाळा आहे तो इथेच आहे.

काटे असतात ते करणाऱ्याच्या वाट्याला. दोन स्लाइस, चीज आणि बटर, एवढाच ऐवज, म्हणून हा पदार्थ सोपा समजला जातो. कोकणात ह्या तिघांचंही हवेशी वाकडं आहे.

पावापासून सुरुवात करू. जुलैत इथली हवा ९० टक्क्यांच्या आसपास ओली असते. डब्यातलं मीठ पाझरतं, पापड वाकतात, काड्यापेटी पेटत नाही. अशा हवेत स्लाइस ब्रेड तिसऱ्या दिवशी हिरवी नक्षी दाखवतो. "तेवढा तुकडा काढून टाक, बाकीचा चांगला आहे" असं सांगणारा एक काका प्रत्येक घरात असतो. काकांचं ऐकू नये. ठिपका दिसतो वर, पण बुरशीचे धागे आत लांबवर गेलेले असतात. आख्खी पुडी टाकावी. ब्रेड फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर बुरशी उशिरा येते, पण त्यातला स्टार्च आवळून येतो आणि पाव बाहेर ठेवण्यापेक्षा लवकर शिळा लागतो. ठेवायचाच तर बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि स्लाइस सुटी करून तशीच तव्यावर घ्यावी. लाईट असेपर्यंत ही युक्ती उत्तम आहे.

वाडीत स्लाइस ब्रेड मिळाला नाही तर सायकलवरच्या पाववाल्याचा पाव चालतो, फक्त तो उलटा करावा लागतो. पावाची पाठ फुगीर, ती तव्याला जेमतेम रुपयाएवढी टेकते आणि तेवढीच भाजते. म्हणून पाव आडवा कापायचा, दोन्ही पाठी आत घ्यायच्या, कापलेल्या सपाट बाजू बाहेर. बटर सपाट बाजूंना. दिसायला थोडं विचित्र दिसतं, पण भाजणी स्लाइसपेक्षा सरस येते, कारण कापलेल्या बाजूची बारीक भोकं बटर धरून ठेवतात.

चीजच्या बाबतीत आमच्या दुकानात पर्याय कमी, आणि ते एका अर्थी बरंच आहे. २५ ग्रॅमची क्यूब ही मुळात असल्याच हवेसाठी जन्मली. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी चीज दूर पाठवताना टिकावं म्हणून ते सायट्रेट नावाचा क्षार घालून वितळवून पाहिलं, आणि प्रोसेस्ड चीज तयार झालं. अमेरिकेत जेम्स क्राफ्टने १९१६ मध्ये त्याच्या आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. आयता कापलेला ब्रेड तिकडे यायला १९२८ उजाडलं, आणि मग ह्या दोघांचं लग्न लागायला वेळ लागला नाही. त्या सायट्रेटमुळेच क्यूब वितळली तरी तिचं तेल वेगळं सुटत नाही. साधं जुनं चेडर नुसतं तापवलं तर वर तेलाचा तवंग आणि खाली चामडं.

एका सँडविचला दोन क्यूब, म्हणजे ५० ग्रॅम. किसूनच घालायच्या. चकत्या घातल्या की मध्ये चीज आणि कडेला कोरडा पाव राहतो. तार हवी असेल तर एक क्यूब कमी करून तेवढं मोझरेला घालावं. प्रोसेस्ड चीजला चव आहे पण तार नाही, मोझरेलाला तार आहे पण बोलण्यासारखी चव नाही. पाकिटावर घटक वाचावेत. दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते चीजचं सोंग आहे आणि ते बऱ्याचदा धड वितळत नाही. इथे तोच काका पुन्हा येतो आणि म्हणतो, "त्यापेक्षा पनीर घाला की." पनीर उकळत्या दुधात आंबट पिळून फाडलेलं असतं. ते भाजतं, करपतं, पण काही केल्या वितळत नाही. काकांना चहा द्यावा.

चीज आणि बटर दोन्ही वीस मिनिटं आधी बाहेर काढायचं. मे महिन्यात पाच पुरतात. दहाव्या मिनिटाला बटरचं तळं होतं, आणि ते तळं पावावर ओतलं की पाव स्पंजासारखा पिऊन बसतो. बटर फासलं जाण्याइतपत मऊ हवं. प्रत्येक बाहेरच्या बाजूला सपाट एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, अगदी कडेपर्यंत. कडा कोरड्या राहिल्या तर भाजल्यावर मधोमध सोनेरी गोल आणि भोवती पांढरी चौकट दिसते, सरकारी शिक्का मारल्यासारखी. माझं स्वतःचं मत अर्धं बटर, अर्धं तूप असं आहे. बटरमधल्या दुधाच्या अंशामुळे रंग आणि वास येतो, पण तोच अंश आधी जळतो. तुपात तो नाही, पाणीही नाही, त्यामुळे कुरकुरीतपणा जास्त येतो. खोबरेल मात्र नको. खोबरेलाचा घाट घातला तर सँडविच खाणारा आधी आपलेच केस हुंगून बघेल.

आता तवा. नाव ‘ग्रिल्ड’ असलं तरी ह्या पदार्थाचा ग्रिलशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, अमेरिकेतही तो घरोघरी तव्यावरच होतो. आणि तव्याच्या बाबतीत आपण कोणाला हार जाणारे नाही. घावण्याचा बिडाचा तवा, वर्षानुवर्षं अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून पुसलेला, काळा कुळकुळीत. बीड जड असतं, हळू तापतं आणि तापल्यावर उष्णता सोडत नाही. पातळ नॉनस्टिकवर ज्योतीच्या बरोबर वरचा भाग काळा होतो आणि बाकीचा पाव अजून विचारात असतो.

बिडाचा गुण तोच त्याचा दोषही आहे. एकदा जास्त तापला की गॅस बारीक करूनही पाच मिनिटं ऐकत नाही. म्हणून पाण्याचा थेंब टाकून बघायचं. थेंब चर्र करून जागच्या जागी आटला तर तवा बरोबर. थेंब मोत्यासारखा गोल होऊन नाचायला लागला तर तवा २०० अंशांच्या घरात गेला, तो घावण्याला ठीक, सँडविचला नाही. पावाला सोनेरी रंग १४० अंशांपुढे येऊ लागतो. आतल्या चीजला ढिलं पडायला साठ-पासष्ट अंश पुरतात, पण ते पावाच्या दोन गाद्यांमध्ये झोपलेलं असतं आणि पाव उष्णता चटकन आत जाऊ देत नाही. मोठ्या आचेवर बाहेरची बाजू दीड मिनिटात काळी होते आणि आत किस जसाच्या तसा. सगळी फजिती ह्या एका हिशोबाची आहे.

तेव्हा बारीक आच. पहिली बाजू चार मिनिटं, त्यातली तीन झाकण ठेवून, म्हणजे वरूनही ऊब लागून चीज खाली बसतं. शेवटचं मिनिट झाकण काढून, नाहीतर वाफेने पाव लादा होतो. उलटून दुसरी बाजू तीन मिनिटं, ह्या वेळी झाकण अजिबात नाही. उलथन्याने दाबायची हुक्की सगळ्यांना येते. दाबलं की चीज बाहेर येतं. फार तर अर्धा तांब्या पाणी भरून सँडविचवर ठेवावा, तेवढं वजन पुरे. ह्या सात मिनिटांत आजी दोनदा येऊन बघते. "ह्यो पाव भाजूक इतको येळ?" घावणा दीड मिनिटात उतरवणाऱ्या बाईचा हा प्रश्न रास्त आहे. उत्तर देऊ नये, देताना आच मोठी होते.

उतरवल्यावर स्टीलच्या ताटात ठेवलं तर सात मिनिटांचं तप पाण्यात गेलं. खरोखरच पाण्यात, कारण खालची वाफ गार ताटावर जमते आणि कुरकुरीत बाजू ओली होते. जाळीवर ठेवावं, जाळी नसेल तर दोन सँडविचेस पत्त्यांच्या बंगल्यासारखी एकमेकांना टेकवून उभी करावीत. एक मिनिट थांबून मग सुरी. लगेच कापलं तर चीज सुरीबरोबर निघून जातं.

आत आणखी काही घालायचं तर कोरडं घाला. मुंबईच्या गाडीवरची हिरवी चटणी, काकडी, बीट, टोमॅटो हे सगळं तिथल्या झपाट्यात शोभतं. तिथे सँडविच हातात पडल्यापासून संपेपर्यंत पाव भिजायला सवडच मिळत नाही. घरी टोमॅटो घालायचाच तर बिया काढून, पुसून, दोन्ही बाजूंनी चीजच्या मध्ये. आपली लसूण-सुक्या खोबऱ्याची चटणी एक चमचा, ही सगळ्यात उत्तम. धाडसी घरांनी भाजलेला सुका जवळा एक चमचा घालून बघावा. मात्र चीज आधीच खारट, जवळाही खारट, वरून मिठाला हात लावायचा नाही. बरोबर अमेरिकन माणूस टोमॅटोचं सूप घेतो. चीजच्या तुपकटपणाला आंबट हवं, हे त्याला बरोबर कळलं. त्याला सोलकढी माहीत नाही, हे त्याचं नशीब.

खरी परीक्षा संख्येची. तव्यावर एका वेळी दोनच मावतात आणि पोरं आठ. चार घाणे, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे अठ्ठावीस. चौथा घाणा उतरतो तेव्हा पहिल्या घाण्याचे दोघे ताटली घेऊन पुन्हा दारात उभे. प्रत्येक घाण्यानंतर तवा फडक्याने पुसायचा, कारण आधीच्या बटरचे काळे कण पुढच्या पावाला चिकटतात. सगळी आधी रचून ठेवायची, पण बटर मात्र तव्यावर टाकण्याच्या क्षणीच.

करणाऱ्याच्या वाट्याला शेवटचं सँडविच येतं, तेही दाराशी कोणी आलं म्हणून गार झालेलं, आत चीजचं रबर. पण प्रत्येक घाण्यात थोडं चीज कडेने ओघळून तव्यावर सांडतं. ते पुसायच्या आधी अर्धं मिनिट तसंच राहू द्यायचं. बुडबुडे थांबतात, रंग तांबूस होतो, कडा तव्यावरून आपोआप उचलल्या जातात. मग उलथनं सपाट धरून एका झटक्यात काढायची. ही चीजची खरवड. पापडासारखी पातळ, खारट, कुर्रर्र वाजणारी, ह्या दमट हवेत दोन मिनिटंसुद्धा न टिकणारी, म्हणून ताटात वाढताच येत नाही. ओट्यापाशी उभ्या उभ्या, पोरांकडे पाठ करून खावी लागते.