पोटऱ्या भरल्या म्हणजे स्नायू परत आले असं नाही

मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांच्या आईवडिलांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो. मुलाला रोज कोमट पाण्यात थकेपर्यंत व्यायाम करायला लावा, काही महिन्यांत पोटऱ्या भरतात, म्हणजेच स्नायू परत येतात, मग गोळ्या बंद करा. आणि पाण्यात इजा होतच नाही, असा त्याचा आशय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा मुलांना धरून पाण्यात उभी राहते. पाण्यावर माझा जीव आहे, म्हणूनच हा मेसेज मला छळतो.

आधी पोटऱ्यांचं. या आजाराच्या ड्युशेन नावाच्या प्रकारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. त्याच्याशिवाय प्रत्येक हालचालीत स्नायूपेशींचं आवरण फाटत जातं आणि मेलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू साठतात. पोटरी फुगीर दिसते ती बरीचशी यामुळे. हाताला टणक लागते, पण जोर नसतो. म्हणजे मेसेज ज्याला सुधारणेचा पुरावा म्हणतो, ते या आजाराचंच ठळक लक्षण आहे. पाण्यात उतरलेलं नसतानाही ते दिसतं.

त्या भरवशावर स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. बरेच दिवस गोळ्या चालू असल्या की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं जवळपास सोडून देतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, टप्प्याटप्प्याने.

‘थकेपर्यंत’ हा शब्द तर खोडूनच टाका. निरोगी स्नायू ताण दिल्यावर बळकट होतो. हा स्नायू फाटतो. जिना उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि सर्वांत जास्त इजा अशाच कामाने होते. पाण्यात तसं काम कमी पडतं, म्हणून तर आम्ही पाणी निवडतो. तरी दुसऱ्या दिवशी पाय दुखत असतील, नेहमीपेक्षा जोर कमी वाटत असेल, तर आदल्या दिवशीचा व्यायाम जास्त झाला. लघवी गडद तपकिरी झाली तर लगेच डॉक्टर गाठा.

इजा होतच नाही? पाणी मानेपर्यंत आलं की छातीवर चहूबाजूंनी दाब येतो आणि पायांकडचं रक्त छातीकडे सरकतं. श्वासाचे स्नायू आधीच दुबळे असतील किंवा हृदयावर परिणाम झाला असेल, तर हा भार जड जातो. म्हणून आधी दोन्हींची तपासणी हवी. आणि ‘कोमट’ सगळ्यांना सारखं मानवत नाही. आम्ही साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ठेवतो, पण मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या वेगळ्या आजारात उष्णतेने अशक्तपणा वाढू शकतो.

मग पाणी देतं काय? कंबरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर निम्माच भार उरतो, छातीपर्यंत साधारण एकतृतीयांश. जमिनीवर उभं राहू न शकणारा मुलगा तिथे उभा राहतो. मी कोपराखाली दोन बोटं धरलेली असतात. त्याचा तोल सापडला की बोटांवरचं वजन नाहीसं होतं. मग तो स्वतःच एक पाऊल टाकतो आणि आईकडे बघतो.

बाहेर येताना मात्र सगळं वजन एकदम परत येतं. तिथे पायऱ्या चढायला लावू नका, त्याला उचलून घ्या.