मी काहीच केलं नाही

आयटीत उमेदवारी करायला गेलो तेव्हा डोक्यात क्लाउड, सायबर सिक्युरिटी असे भारदस्त शब्द खच्चून भरले होते. पहिल्याच दिवशी सरांनी हातात नेटवर्क केबलचं भेंडोळं, मूठभर प्लग आणि पकडीसारखं दिसणारं क्रिंपिंग टूल ठेवलं. "दोन मीटरची एक पॅच कॉर्ड कर. संध्याकाळपर्यंत झाली तरी चालेल." पॅच कॉर्ड म्हणजे दोन्ही टोकांना प्लग बसवलेली केबल, एवढ्याला संध्याकाळ? मला तो टोमणा वाटला. तो अंदाज होता, आणि तोही उदार.

केबलच्या पोटात आठ तारा, पीळ घातलेल्या चार जोड्या. पीळ सोडवायचा, तारा सरळ करायच्या आणि क्रमानं प्लगमध्ये सारायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. सगळ्या जोड्या गुण्यागोविंदानं शेजारी बसतात, मग हिरव्यांच्याच मध्ये निळे का घुसले? "मधल्या दोन पिना टेलिफोनच्या जोडीसाठी धरलेल्या, त्यावर निळी जोडी आली," सर म्हणाले. म्हणजे टेलिफोनपायी हिरव्यांची ताटातूट झाली. हे कळल्यापासून क्रम पाठ झाला, पण तारांना कुठे तो पाठ होता? चिमटीत असेपर्यंत शहाण्यासारख्या रांगेत उभ्या, प्लगच्या तोंडाशी गेल्या की दोघी गुपचूप जागा बदलणार. चूक झाली की प्लग कापायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहाव्या खेपेला टेस्टरचे आठही दिवे ओळीनं लागले. मी आनंदानं सरांकडे पाहिलं. सर टेबलाकडे पाहत होते. तिथे प्लगची रबरी टोपी पडली होती. ती आधी केबलवर ओवून घ्यायची असते, प्लग बसल्यावर चढत नाही. कापला. संध्याकाळी माझी दोन मीटरची केबल सव्वा मीटरवर आली होती. सरांनी ती हातात घेऊन न्याहाळली आणि म्हणाले, "जवळच्या कॉम्प्युटरला चालेल."

दुसऱ्या आठवड्यात मला तिकिटांवर बसवलं. तिकीट म्हणजे लोकांकडून नोंदवून घेतलेली तक्रार. तिचा सर्वसाधारण मजकूर: "चालत नाही." काय चालत नाही, कधीपासून, हे ओळखायला बहुधा ज्योतिष यावं लागतं. मीही खमका. "माहिती अपुरी. वापरकर्त्याला विचारून पुन्हा भरा," असा शेरा मारून धडाधड तिकिटं परत पाठवू लागलो. हा शेरा मारताना जे सुख मिळायचं, ते पगारात नव्हतं.

प्रत्यक्ष गेलो की एकच वाक्य ऐकू यायचं: "मी काहीच केलं नाही." कीबोर्डच्या फटींतून थेंब गळत असायचे, पण कोणी काहीच केलेलं नसायचं. एका मॅडमचा कॉम्प्युटर रखडत होता. "बंद करून चालू केलात का?" "रोज संध्याकाळी बंद करून जाते!" मी टास्क मॅनेजर उघडला. मशीन सलग २३ दिवस चालू असल्याची नोंद. मी ती त्यांना एखाद्या वकिलाच्या थाटात दाखवली. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की नजरेनंच मला शटडाउन करतील.

सरांना ही मर्दुमकी सांगितली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती सुरू असली की 'शटडाउन' म्हटल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही. तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उचलला जातो, कालच्या दुखण्यांसकट. घड्याळही पुढे मोजत राहतं. खरी नवी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट'. म्हणजे मॅडम रोज इमानेइतबारे बंद करत होत्या, खोटं त्यांचं मशीन बोलत होतं. माफी मागायला गेलो. "असू दे," म्हणाल्या, आणि त्यानंतर माझ्याशी फक्त तिकिटातून बोलल्या.

आता मुख्य कांड. एका टेबलाखाली आठ पोर्टचा छोटा स्विच होता, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी, केबल खोचायच्या आठ जागांची डबी, आणि भोवती केबलींचं जंजाळ. मला टापटिपीचा झटका आला. एका पिवळ्या केबलचं टोक जमिनीवर लोळत होतं. बिचारं कुणाच्या तरी पायानं निघालं असणार, म्हणून मी ते रिकाम्या पोर्टात खोचलं. खट्ट असा गोड आवाज आला. त्या केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आहे, हे बघायला मी वाकलो नव्हतो.

अशा वेळी काय होतं, ते पुस्तकात एका ओळीत असतं. एका मशीननं सगळ्यांना उद्देशून हाक मारली, की स्विच ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर पाठवतो. पिवळ्या केबलीतून ती परत त्याच्याकडेच येते, तो पुन्हा सगळ्यांना पाठवतो, आणि इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे या केबलींतून धावणाऱ्या माहितीच्या पुडक्याला, 'आता पुरे' म्हणणारा मोजणीचा आकडा नसतो. हे चक्र तोडायची युक्ती रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्येच शोधून ठेवली आहे, स्पॅनिंग ट्री. टेबलाखालच्या त्या स्वस्त स्विचपर्यंत मात्र ती पोचलेली नव्हती. त्याचे सगळे दिवे एकाच तालात लुकलुकू लागले. मला वाटलं, वा, जीव आला! तोवर फायली उघडेनात, प्रिंटर मुके झाले आणि फोनवर फोन सुरू झाले.

सर धावत आले. "आत्ता इथे कोणी काय केलं?"

आणि माझ्या तोंडून पढवल्यासारखं निघालं, "मी काहीच केलं नाही."

सरांनी पिवळी केबल बोटावर घेतली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि उपटली. दिवे शांत झाले. ते एक शब्द बोलले नाहीत. तिकीट तेवढं मला भरायला सांगितलं. कारणाच्या रकान्यात बराच विचार करून मी लिहिलं: "तांत्रिक बिघाड."

पाच मिनिटांत ते परत आलं. शेरा ओळखीचा होता. "माहिती अपुरी. वापरकर्त्याला विचारून पुन्हा भरा."

वापरकर्ता त्या वेळी टेबलाखाली केबलींना चिठ्ठ्या चिकटवत होता.