समुद्रतळाखालचा ‘बॉम्ब’ आणि त्याचा नकाशा

“उपग्रहाने आर्क्टिक समुद्राखालचा बर्फ टिपला! रंगवलेला भाग गेल्या काही वर्षांत वितळला. आता मिथेनचा बॉम्ब फुटणार, समुद्र चढणार, खेळ खलास.” सोबत नकाशा. हा मेसेज फिरत फिरत माझ्या पुतणीकडे आला आणि पोरगी विचारते, “काका, मग शिकून तरी काय करायचं?” आता मात्र गप्प बसवत नाही.

नकाशा खरा आहे. २०१९ सालचा, जर्मनीतल्या ध्रुवीय संशोधन करणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचे पॉल ओव्हरडुइन आणि सहकाऱ्यांचा. पण उपग्रहाचा फोटो कुठला? पाण्याखालच्या गाळाच्या पोटातलं उपग्रहाला दिसत नाही. हे संगणकावरचं गणित आहे. हिमयुगात समुद्रपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा उघडी पडलेली समुद्रबूड जमीन खोलवर गोठली, पुढे पाण्याखाली गेली. हाच समुद्रतळाखालचा पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं शून्याखालच्या तापमानात राहिलेली जमीन. पृथ्वीच्या पोटातली उष्णता, गाळातलं मीठ, हे सगळं धरून गेल्या ५० हजार वर्षांचा हिशेब मांडला. असा पर्माफ्रॉस्ट निघाला सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, आणि तेही औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या स्थितीचं! ज्या नकाशात अलीकडची तापमानवाढ धरलेलीच नाही, त्यात हे महाभाग ‘गेल्या काही वर्षांत वितळलेला भाग’ दाखवतायत.

शिवाय रंगवलेला भाग म्हणजे सलग बर्फ नव्हे, शून्याखालच्या तापमानाचा गाळ. खारं पाणी शून्याखालीही पातळ राहतं. बर्फ खरोखर कुठे आहे ते भूकंपीय लहरींवरून कळतं, कारण बर्फाने बांधलेल्या गाळातून त्या वेगाने जातात. अलास्काजवळ ब्यूफोर्ट समुद्रात अशा जुन्या नोंदी तपासल्या, तर बर्फ मुख्यतः २० मीटरपेक्षा उथळ पाण्याखालीच निघाला.

समुद्र चढणार? हा बर्फ आधीच समुद्राखाली आहे. वितळून त्याचं आकारमान उलट घटतं. पुढे चला.

बॉम्बवाले समुद्रतळाखालून सुटू शकणाऱ्या ५० अब्ज टन मिथेनचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूचा, आकडा नाचवतात. २०१३ च्या ज्या लेखामुळे तो गाजला, त्यात आर्थिक नुकसान काढण्यासाठी तो गृहीत धरला होता. समुद्रतळाखालच्या मिथेन हायड्रेटमुळे (बर्फासारख्या घन रूपात अडकलेल्या मिथेनमुळे) या शतकात हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या वाटचालीत जाणवण्याइतका फरक पडणं ‘फारच असंभाव्य’, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, २०२१ चा अहवाल सांगतो.

बरं, एवढं मान्य: पर्माफ्रॉस्ट पातळ होतोय, सायबेरियाजवळच्या लापतेव्ह समुद्रात मिथेनचे बुडबुडे येतात, आणि कॅनडाजवळ समुद्रतळाला २८ मीटर खोल खड्डाही पडलाय. पण तो शोधणाऱ्यांनीच त्याचं खापर हिमयुगानंतर हजारो वर्षं संथपणे चाललेल्या वितळण्यावर फोडलंय, कालपरवाच्या उष्म्यावर नाही.